पालीला चोरी झालीच नव्हती

राजगडाच्या पायथ्याला माणसं जातात ती गडासाठी. मी गेले होते तांब्याच्या पट्ट्यांसाठी. तीन दिवसांत उत्रोली, पानशेत आणि पालीजवळची एक वाडी पाहिली, गड खालूनच पाहिला, आणि परत आले ती संतापून. राग निवला की लिहू, असं महिनाभर म्हणत होते. तो निवत नाही, म्हणून तसाच घेऊन लिहायला बसले आहे.

आधी पट्ट्यांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रात काम करते. माझा विषय कार्बिन. कार्बनला चार हात असतात असं आपण शाळेत शिकतो. कार्बिनमधल्या कार्बनचे दोनच हात गुंतलेले असतात आणि इलेक्ट्रॉनांची एक जोडी त्याच्याजवळ मोकळी असते. एरवी असा कार्बन क्षणभरही टिकत नाही; पण त्याच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन बसवून कडं पूर्ण केलं की तो तग धरतो, आणि मोकळी जोडी धातूला देऊन त्याला घट्ट धरून बसतो. सोन्याचे दहा-बारा अणू एकत्र आले तर त्यांना लगेच आणखी सोनं हवं असतं. ते एकमेकांत मिसळून गोळा होतात. त्यांच्याभोवती कार्बिनांचं कुंपण घातलं की तो इवलासा पुंजका महिनोन्‌महिने तसाच राहतो. माझी पहिली तीन वर्षं त्या पुंजक्यांत गेली. नंतर आमच्या सरांच्या डोक्यात आलं, की पुंजक्याला जे जमतं ते पत्र्यालाही जमायला हवं. कार्बिन देणारं एक मीठ आम्ही तयार केलं. त्याच्या द्रावणात तांब्याची पट्टी बुडवली की तिच्यावर फक्त एका रेणूच्या जाडीचा थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण साधी पट्टी काळवंडते तेव्हा ही लालच राहते.

प्रयोगशाळेत लालच राहत होती. खऱ्या पावसात काय होतं ते पाहायला मावळाइतकी चांगली जागा नाही. म्हणून जूनच्या सुरुवातीला तीन लाकडी चौकटी तीन ठिकाणी टांगल्या. प्रत्येकीत बारा पट्ट्या होत्या, सहा साध्या आणि सहा थराच्या. उत्रोलीची चौकट मी टांगली. पानशेत आणि पालीच्या सरांनी, कारण पानशेतला त्यांच्या मित्राचा बंगला आहे आणि त्यांचं तिकडे जाणं-येणं असतं.

ऑगस्टअखेरीस सर म्हणाले, गडावर जाऊन आलेल्या कुणीतरी सांगितलं, पालीच्या पट्ट्या चोरीला गेल्या. तांबं म्हटल्यावर दुसरं काय होणार. त्यांनी मला वाडीतल्या हॉटेलवाल्या गणपतरावांचा नंबर दिला आणि जरा दम देऊन विचार म्हणाले. मी फोन केला. चौकट ज्यांच्या गोठ्यावर होती त्या बाईंचं नाव विचारलं आणि म्हटलं, की सरकारी कामाच्या वस्तू आहेत, गावात चौकशी करा. हे सगळं दोन मिनिटांत झालं. त्या वेळी माझ्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहा होता. पुढे आमच्या लेखात एक वाक्य गेलं, की तिसऱ्या जागेवरचे नमुने स्थानिक चोरीमुळे उपलब्ध नाहीत. त्या वाक्यातलं व्याकरण मीच सुधारलं.

नोव्हेंबरात परीक्षकांचं पत्र आलं. त्यांना तिन्ही जागांचे फोटो हवे होते आणि उरलेल्या पट्ट्याही पुन्हा मोजून हव्या होत्या. सर म्हणाले, उत्रोली आणि पानशेत करून ये, पालीला काही उरलेलं नाही. मी म्हटलं, भिंत तर उरली असेल. फोटो भिंतीचाच काढायचा आहे.

उत्रोली

भोरच्या अलीकडे उत्रोलीत शिरले तेव्हा भाताची कापणी संपून झोडणी चालली होती. मी सोलापूरची. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी गुडघाभर उभी असते आणि जमिनीला भेगा पडायला लागलेल्या असतात. इथं खाचरांत अजून ओल होती, चपलेला चिखल लागत होता, आणि हवेत ओल्या पेंढ्याचा असा वास होता की सुमनकाकूंच्या अंगणात बसल्या बसल्या मला भूक लागली.

सुमनकाकूंच्या पंपाच्या खोलीवर आमची चौकट होती. काकू पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मला आधी जेवायला बसवलं. नवा इंद्रायणी, त्यावर वालाचं बिरडं, सोबत तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी कडक झाली तरी चालते, मोडून दुधात कुस्करता येते. ही तांदळाची हातात घेतली की रुमालासारखी लोंबते. मी तसं म्हटल्यावर काकूंना वाईट वाटलं, म्हणून आणखी एक खाल्ली.

मग चौकट उतरवली आणि मला धक्काच बसला. थराच्या सहाही पट्ट्या लाल होत्या. साध्या पट्ट्यांपैकी चार काळपट तपकिरी झाल्या होत्या, आणि दोन देवघरातल्या पंचपात्रीसारख्या चकचकत होत्या.

"त्या व्हय," काकू म्हणाल्या, "दिवाळीला घासल्या मी. चिंच लावून. लईच काळ्या दिसत व्हत्या, म्हटलं आपल्या भितीवर असलं नगं. दोन घासल्या आणि मग ध्यानात आलं की तुमी हात लावू नका म्हणाला व्हता. मग ठिवून दिल्या."

मला राग आला होता हे खोटं कशाला सांगू. पाच महिन्यांच्या दोन पट्ट्या चिंचेनं धुऊन गेल्या होत्या. पण बाईनं विचारायच्या आत सांगितलं, कधी घासल्या तेही सांगितलं. मी वहीत लिहिलं, 'दोन साध्या पट्ट्या दिवाळीत चिंचेने घासल्या गेल्या, त्या मोजणीतून वगळाव्यात.' त्यानं काहीही बिघडलं नाही. चार पट्ट्या उरल्या, चार पुरतात. निघताना काकू म्हणाल्या, हे औषध घरच्या हंड्याला लावता येईल का, घासायचा ताप वाचेल. मी म्हटलं, आधी पट्टीवर टिकतंय का ते बघू. त्या दिवशी मला वाटत होतं, टिकतंय.

पानशेत

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून पाबे घाटानं निघाले. घाटात स्कूटरचं मागचं चाक बसलं. तासभर रस्त्याच्या कडेला उभी होते. समोर तोरणा, खाली पिवळी पडलेली खाचरं, वर एक घार, असं सगळं देखणं होतं आणि मला त्यातलं काहीही नको होतं. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं स्कूटर मागे चढवून खालच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेली. त्याला मी इथं काय करते ते सांगितलं तर म्हणाला, पानशेतला समदं पुण्याचंच हाय आता, तुमच्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या व्हत्या.

त्याचं खरं होतं. धरणाच्या रस्त्याला दर पन्नास पावलांवर हॉटेल, आणि प्रत्येक हॉटेलावर 'चुलीवरचं' असं लिहिलेलं. मी एका ठिकाणी चुलीवरची भाकरी मागवली. हात धुवायला मागे गेले तर चुलीवर कुंडी ठेवलेली होती आणि भाकरी गॅसवर चालली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

सरांच्या मित्राचा बंगला पाण्याच्या काठावर, उतारावर आहे. तो सांभाळणारे मारुतीमामा साठीचे, पायात रबरी बूट. चौकट कुठे आहे विचारलं तर त्यांनी मला आत नेलं. मी दोनदा म्हटलं, बाहेरची चौकट. ते म्हणाले, हीच की. पाण्याच्या बाजूला काचेची व्हरांडा-खोली होती, वेताच्या खुर्च्या होत्या, झोपाळा होता, आणि झोपाळ्यामागच्या भिंतीवर शोभेच्या चित्रासारखी आमची चौकट टांगलेली होती. थराच्या सहा लाल, साध्या सहा जराशा मळकट. बाराही पट्ट्यांवर सारखी धूळ होती.

मी विचारलं, ही जूनपासून इथंच आहे का?

"आधी चार दिस भाईर व्हती," मामा म्हणाले. "मंग सर म्हणाले, आत घ्या. पाऊस लागंल."

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. पाऊस लागेल. आमच्या लेखात पानशेतच्या तक्त्यावर 'धरणकाठ, मुक्त पर्जन्य' असं लिहिलं आहे. त्या तक्त्यातले आकडे इतके सुरेख ओळीनं उतरत होते, की मी त्यांचा आलेख माझ्या भिंतीवर लावला होता. मुक्त पर्जन्य काचेच्या पलीकडे होता.

मारुतीमामांनी कोकम सरबत आणलं, त्यांच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, आणि तरी माझा आवाज चढला. ते खुर्च्या पुसायला लागले. मी चौकटीचा, झोपाळ्याचा, काचेचा फोटो काढला. सरांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला: 'पानशेत झालं की परत ये. पालीला जायची गरज नाही.' मला तो मेसेज दोन दिवस आधी आला असता तर मी आळसानं ऐकलाही असता.

पाली

पाली गाव राजगडाच्या पोटाशी आहे आणि ही वाडी पालीच्या थोडी अलीकडे. शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांच्या गाड्या इथं उभ्या राहतात. मी गेले तो आडवार होता. गणपतरावांच्या हॉटेलात चहा घेतला आणि चौकट जिथं होती त्या शेवंताबाईंचं घर विचारलं. गणपतराव साधारण माझ्या वडिलांच्या वयाचे, डोक्याला टोपी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्या पत्र्यांच्या भानगडीचं का?" म्हणाले. "आमी केली चौकशी. घरबी बघितलं. काय गावलं न्हाई. इकलं असंल."

मी विचारलं, घर बघितलं म्हणजे काय? ते म्हणाले, बघितलं म्हणजे बघितलं, तुमीच तर फोन केलावता.

बौद्धवाडा वाडीच्या खालच्या अंगाला आहे. वीस-बावीस घरं, मधे निळ्या कमानीचं छोटं विहार, पुढे ओढा. शेवंताबाई दारात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. पंचावन्नच्या असतील, किडकिडीत, नाकावर चष्मा. त्या आणि त्यांचे मालक गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालतात, आणि वाडीच्या शाळेत पोषण आहार शिजवण्याचं कामही त्यांच्याकडे आहे. होतं, असं म्हणायला हवं. ते पुढे कळलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी सूप थांबवलं नाही. मी उन्हात उभी होते. खेड्यात कुणाच्याही दारात गेलं की पहिल्यांदा पाण्याचा तांब्या पुढे येतो. माझ्या गावी वैऱ्यालाही पाणी विचारतात. इथं कुणी काही विचारलं नाही.

"आवाज वळखला मी," त्या शेवटी म्हणाल्या. "गणपत फोन मोठ्यानं लावून बोलतो. पाणी इचारलं न्हाई म्हणून राग मानू नका, मॅडम. चोराच्या घरचं पाणी कशाला पिता तुमी."

मी खाली बसले. मग त्यांनी सांगितलं ते मी इथं थोडक्यात देते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं. माझा फोन झाला त्याच संध्याकाळी त्यांना आणि मालकांना शाळेच्या पडवीत बोलावलं. सगळी वाडी जमली होती. पट्ट्या कुठं आहेत विचारलं. त्या म्हणाल्या, साहेब स्वतः येऊन काढून घेऊन गेले. कुणाला पटलं नाही. एवढा शिकलेला साहेब स्वतःच नेईल आणि वर चोरीला गेल्या म्हणून कशाला सांगेल? शहाणपणाचाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिथं कुणाकडे नव्हतं. मग चार जण घरी आले. माळा बघितला, गादीखाली बघितलं, डबे उघडले.

"पिठाच्या डब्यात कोपरापातुर हात घातला," त्या म्हणाल्या. "बारा घरच्या बाया बघत व्हत्या. दुसऱ्या दिशी शाळंच्या कोठीची किल्ली मागून घेतली. नऊ वर्सं व्हती माझ्याकडं."

त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. मला वाटत होतं चढावा.

मी विचारलं, साहेब कधी आले होते? सरांनी आम्हाला सांगितलं होतं, की जूननंतर ते पालीला गेलेच नाहीत. शेवंताबाई उठल्या आणि आतून एक वही घेऊन आल्या. गडावर एकदा दोन पोरं वाट चुकून रात्रभर राहिली, तेव्हापासून त्या जेवायला येणाऱ्या प्रत्येकाकडून नाव, सही, गाडीचा नंबर, वर गेल्याची वेळ आणि उतरल्याची वेळ लिहून घेतात. त्यांना कुणी तसं करायला सांगितलेलं नाही. ऑगस्टच्या पानावर सरांची सही होती. ती सही मी सहा वर्षं माझ्या रजेच्या अर्जांवर पाहते आहे. गाडीचा नंबरही त्यांचाच. 'वर गेले' या रकान्यात फुली, 'खाली आले' या रकान्यात फुली, कारण ते गडावर गेलेच नव्हते.

वही त्यांनी पडवीतही दाखवली होती. लोक म्हणाले, जेवायला आले असतील, त्यानं काय होतंय.

मी विचारलं, पट्ट्या कशा दिसत होत्या? इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. भिंतीत अजून दोन खिळे होते. सरांनी ही जागा निवडली ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेआड म्हणून, आणि भिंतीच्या पलीकडे दोन म्हशी आणि एक गाय. पाच मिनिटांत माझे डोळे चुरचुरले. जनावरांच्या मुताचा अमोनिया. तांबं आणि अमोनिया एकत्र आले की काय होतं, ते बारावीचा प्रयोग केलेल्या कुणालाही माहीत आहे: निळं होतं.

"साध्या सा तर आठवड्यात निळ्या-हिरव्या झाल्या," शेवंताबाई म्हणाल्या. "तुमच्या औशिदाच्या सा पयल्या ठीक व्हत्या. मग कडंकडंनं निळं धरलं, कापल्यात ना तितनं. मधी लालच व्हत्या लई दिस. मग कडंचं आत आत सरकलं. आमी रोज बघायचो, शेण काढताना."

मी तिथं उभ्या उभ्या वहीत लिहून घेत होते. सहा वर्षांत आमच्या थराबद्दल इतकं कामाचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. थर मधे टिकतो, कापलेल्या कडेला उघडा पडतो, आणि तिथून आत शिरतं. मोठमोठ्या यंत्रांखाली आम्ही पट्टीचा मधला भाग पाहत बसलो, कारण तो सपाट असतो. कडा या बाई पाहत होत्या. सरांनी तिथून पट्ट्या उचलल्या, शेवंताबाईंच्या हातचं पिठलं खाल्लं, आणि पुण्याला येऊन त्यांना चोर केलं.

त्यांनी एवढंच विचारलं, की तुम्ही त्या पत्र्याला लावता तरी काय? मी म्हटलं, कल्हईसारखं समजा, पण कल्हई दिसते, हे दिसत नाही. त्या म्हणाल्या, कल्हईबी कडंलाच उडती.

मी म्हटलं, मी लेखात दुरुस्ती करते, साऱ्या जगाला कळेल असं छापून आणते.

"जगाला काय करू?" त्या म्हणाल्या. "जितं इचारलं तितं येऊन सांगा."

पुणे

सर त्यांच्या खोलीत होते. मी वहीच्या पानाचा फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि नाकारलं नाही. मला वाटतं त्यांना तेवढंही महत्त्वाचं वाटलं नसावं. म्हणाले, गोठ्याशेजारी लावली ही जागेची चूक होती, असे नमुने ग्राह्य धरत नाहीत.

"मग तसं लिहायचं होतं."

"तसं लिहिलं की परीक्षक दहा प्रश्न विचारतात," ते म्हणाले. "चोरी लिहिलं की कुणी काही विचारत नाही."

त्यांनी हे मला शिकवत असल्यासारखं सांगितलं. पानशेतच्या काचेबद्दल विचारलं तर म्हणाले, आर्द्रता आतही असतेच. मी त्यांना शेवंताबाईंच्या पिठाच्या डब्याबद्दल सांगितलं. मला वाटलं, आता काही म्हणतील. म्हणाले, खेड्यात असं होतं, तू फार मनावर घेतेस.

मी पट्ट्या मागितल्या. त्या त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. बाराच्या बारा, शेवंताबाईंनी सांगितल्या होत्या तशाच. थराच्या सहांत मधे अजून लाल बेटं उरलेली होती. मी त्या त्यांच्यासमोर मोजून घेतल्या. त्याच दिवशी संपादकांना लिहिलं, की या लेखातले पानशेतचे आकडे खरे नाहीत, पालीला चोरी झालेली नाही, आणि माझं नाव काढावं. लेख परत घेतला गेला. संस्थेनं चौकशी समिती नेमली आहे. ती अजून बसलेली नाही. सर त्यांच्या खोलीत बसतात. मला दुसऱ्या मजल्यावर दुसरं टेबल दिलं आहे आणि पूर्वी माझ्याबरोबर जेवणारे दोघे आता लवकर जेवून घेतात. राग येतो तो सरांचा, आणि त्याहून जास्त त्या दोन मिनिटांच्या फोनचा. तो फोन सरांनी केला नव्हता.

पुन्हा पाली

रविवारी सकाळी गेले. गणपतरावांना आधी कळवलं होतं, की वाडीला पडवीत जमवा, मला बोलायचं आहे. फोन करताना या वेळी माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. त्यांना वाटलं पट्ट्या सापडल्या. मी म्हटलं, सापडल्या.

पडवीत चाळीसेक माणसं होती. बायका एका बाजूला, पुरुष भिंतीला टेकून, शेवंताबाई आणि त्यांचे मालक खांबाशी. मी पिशवीतून बारा पट्ट्या काढून सतरंजीवर मांडल्या. म्हटलं, या बाराही आहेत, मोजून घ्या. या आमच्या साहेबांनी स्वतः नेल्या आणि त्यांच्या खणात ठेवल्या. चोरी झालीच नव्हती. फोन मी केला होता, न विचारता, न बघता. शेवंताबाईंनी तुम्हाला सगळं खरं सांगितलं होतं. त्यांची मी माफी मागते. खाली बसून त्यांच्या पायांना हात लावायला गेले, तर त्यांनी पाय मागे घेतले. त्यांना ते नको होतं.

एका म्हाताऱ्यानं एक पट्टी उचलून उन्हात धरली. मग शाळेचे गुरुजी उठले, किल्ली आणून शेवंताबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, सोमवारपासून या. भिंतीजवळचा एक जण म्हणाला, चला, मॅडम एवढ्या लांबनं आल्या, मोठ्या मनानं बोलल्या, मिटला इषय. माणसं उठायला लागली. एकानं चपला घातल्याही.

"तुमचा मिटला," शेवंताबाई म्हणाल्या.

त्या उभ्या नव्हत्या, मोठ्यानंही बोलल्या नव्हत्या, पण उठलेले तिथंच थांबले.

"मॅडमनं त्यांचं सांगितलं. त्यांचं झालं. माझ्या घरात चार जण आले व्हते. मॅडम न्हवत्या आल्या. डबा मॅडमनं न्हाई उघडला. ज्यांनी उघडला त्यांनी बोलावं."

ओढ्याच्या बाजूनं कुणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता. मला वाटलं आता भांडण होईल, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. गुरुजी मधे पडायला पाहत होते. शेवंताबाईंच्या मालकांनी त्यांना हातानं थांबवलं. मी पट्ट्या गोळा करायला वाकले होते, तशीच राहिले.

गणपतरावांनी टोपी काढली. ती हातात फिरवत त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"म्या घातला हात पिठात," ते म्हणाले. "चुकलं माझं, शेवंता."

शेवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि भिंतीला टेकलेल्या बाकीच्यांकडे वळल्या.

"अजून तीन," त्या म्हणाल्या.